ड्रायर: कपडे उष्णतेने वाळतात की वाऱ्याने?

अर्धओली

एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. दोन ड्रायर, दोन्हींवर ८ किलो लिहिलेलं, दोन्हींचे हीटर जवळपास सारख्याच वॉटचे. एक माझ्याकडे, एक बहिणीकडे. तिच्या यंत्रातून चादरी, टॉवेल, जीन्स सगळं एकसारखं वाळून निघतं. माझ्या यंत्रातून टी-शर्ट चटका बसेल इतके गरम निघतात, टॉवेल खरखरीत होतात आणि चादरीच्या पोटात गुंडाळलेला उशीचा अभ्रा पिळावा इतका ओला राहतो. वेळ वाढवली तर टी-शर्ट आणखी भाजून निघतात, अभ्रा आहे तिथेच.

माहितीपत्रकात किलो, वॉट आणि प्रोग्रॅमची लांबलचक यादी, यापलीकडे काही सापडत नाही. ड्रमचा आकार, पंखा, हवेची वाट, सेन्सर यातल्या कशाने नेमका किती फरक पडतो? यंत्र उघडून पाहिलेल्यांनी जरूर लिहा. 'दोरीवर घाला' हे उत्तर आलं आहे असं धरून चालते.

उन्हाचाभक्त

दोरीवर घाला.

फिरकी

यात गूढ काही नाही. पाण्याची वाफ करायला उष्णता लागते, त्याला पळवाट नाही. जास्त वॉट, लवकर वाळणार. छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष हीटर यांत तफावत असेल, मीटर लावून बघा.

नळीवाली

फिरकी, वाफेला उष्णता लागते हे खरंच. ड्रायरमधल्या तापमानाला एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २४०० किलोज्यूल, म्हणजे ०.६७ युनिट. पण वाफ झाली म्हणजे काम झालं नाही. ती कपड्यावरून उचलून बाहेर न्यायचं काम हवेचं आहे, आणि बहुतेक ड्रायर अडतात ते तिथे.

हवेत किती वाफ मावते ते तापमानावर ठरतं आणि ते प्रमाण झपाट्याने वाढतं. एका घनमीटर हवेत २० अंशांना जेमतेम १७ ग्रॅम, ३० अंशांना ३०, ४५ ला ६५ आणि ६० ला १३० ग्रॅम. आता समजा तासाला ३ किलो पाणी काढायचंय. खोलीतल्या हवेत १५ ग्रॅम ओल आधीचीच आहे. ती हवा ४५ अंशांना काठोकाठ भरून बाहेर पडली असं धरलं, तर दर घनमीटरमागे ५० ग्रॅम पाणी जातं. म्हणजे तासाला किमान ६० घनमीटर हवा हवीच. प्रत्यक्षात ती कधीच काठोकाठ भरत नाही, बरीचशी कपड्यांना न शिवताच निसटते. त्यामुळे पंख्याला याच्या दुपटी-तिपटीने हवा ओढावी लागते.

आता ही वाट कुठेतरी तुंबली असं धरा. हीटर तेवढाच, हवा निम्मी. कमी हवा जास्त तापते, हीटरजवळचा थर्मोस्टॅट मर्यादेला पोचतो आणि हीटर बंद करतो. थोडं निवलं की पुन्हा चालू, पुन्हा बंद. २५०० वॉटचा हीटर बराच वेळ नुसता बसून. त्याच्या जागी ३००० वॉटचा लावलात तर तो आणखी जास्त वेळ बसून राहील.

ज्यांच्या यंत्राची गरम हवा नळीने बाहेर जाते त्यांनी आधी ती नळी बघावी. १०० मिलिमीटरची गुळगुळीत पत्र्याची, सरळ आणि आखूड असेल तर उत्तम. घड्या पडणारी प्लास्टिकची किंवा फॉइलची असेल, तर प्रत्येक चुणीत हवा अडखळते आणि तिथेच भुसा, म्हणजे कपड्यांचे सुटलेले बारीक तंतू, साठतो. शिवाय तो भुसा पेट घेतो, त्यामुळे हा नुसता वाळण्याचाच प्रश्न नाही. प्रत्येक काटकोनी वळण म्हणजे नळी काही फूट लांबवल्यासारखंच आहे. आणि खोली घट्ट बंद असेल तर पंखा ओढणार काय? जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत यायला हवी. दार किलकिलं ठेवून बघा, काही घरांत तेवढ्यानेच फरक पडतो.

फिरकी

थर्मोस्टॅटचा मुद्दा पटला. पण मग सगळेच कपडे ओले राहायला हवेत. इथे टी-शर्ट भाजतोय आणि अभ्रा ओला. एकाच ड्रममधली हवा एकाला मिळते आणि दुसऱ्याला नाही, असं कसं?

चरखा

कारण ड्रममध्ये हवा सगळीकडे सारखी फिरत नाही. तिला जिथे अडथळा कमी तिथून ती जाते. म्हणून कपडे हवेच्या वाटेत पुन्हा पुन्हा, मोकळे होऊन पडायला हवेत. ड्रम फिरतो तो एवढ्यासाठी.

थोडं गणित करू. घरगुती ड्रमचा व्यास साधारण ५७-५८ सेंटिमीटर. एवढ्या ड्रमला मिनिटाला ५६ फेरे दिले की कडेवरच्या कपड्यावरचा बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाइतका होतो आणि कपडा वर पोचला तरी खाली पडत नाही, भिंतीला चिकटून गोल गोल फिरत राहतो. फारच हळू फिरवलं तर कपडे वर चढतच नाहीत, तळाशी लोळत राहतात. म्हणून वेग ५० च्या आसपास ठेवतात. कपडा जवळजवळ माथ्यापर्यंत चढतो, तिथून सुटतो आणि ड्रमच्या मधून आडवा खाली येतो. त्या पडण्याच्या क्षणभरात तो उलगडलेला असतो आणि गरम हवा त्याच्या आरपार जाते. वाळण्याचं खरं काम त्या क्षणात होतं.

कपडे वर नेतात ते ड्रमच्या आतले उंचवटे, ज्यांना लिफ्टर म्हणतात. ते बुटके असतील तर ओले जड कपडे घसरून परत तळाला. काही ड्रममध्ये लिफ्टर तिरके किंवा लाटेसारखे असतात, त्यामुळे कपडे मागून पुढे सरकत राहतात आणि एकाच ठिकाणी थर साचत नाही.

चादरीचं दुखणं निराळं. ड्रम एकाच दिशेने फिरत राहिला की चादरीला पीळ बसतो, तिचं बोचकं होतं आणि वाटेत सापडलेले मोजे, अभ्रे ती पोटात घेते. बाहेरचा पदर वाळतो, आत हवाच पोचत नाही. उपाय म्हणजे ड्रम मधूनमधून उलटा फिरवणं. ही सोय बऱ्याच यंत्रांत आहे, पण त्यात एक गोम आहे. स्वस्तातल्या रचनेत एकाच मोटारीवर ड्रमही असतो आणि पंखाही. ड्रम उलटा फिरला की पंखाही उलटा फिरतो आणि उलट्या पंख्याने हवा फारच कमी येते. म्हणून निर्माते उलटी फेरी अगदी थोडा वेळ देतात, पीळ धड सुटतही नाही. पंख्याला वेगळी मोटार असेल तर ड्रम हवा तसा फिरवा, हवा चालूच राहते. अर्धओली, तुमच्या आणि बहिणीच्या यंत्रातला फरक हाच असावा अशी माझी पैज. माहितीपत्रकात याचा उल्लेख शोधून सापडत नाही.

अर्धओली

चरखा, दार लावल्यावर काचेला डोळा लावून बसले होते. माझा ड्रम उलटा फिरतो, पण जेमतेम दोन-चार फेरे, लगेच परत सुलट. बहिणीचा दोन्हीकडे भरपूर फिरतो. तिचा ड्रमही डोळ्यांना मोठा दिसतो, मोजायला सांगितलंय.

आणखी एक. समोरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला, दाराखाली, राखाडी भुश्याची रेघ जमलेली आहे. ड्रम आणि पत्रा यांच्या फटीत. हे बरोबर आहे का?

नळीवाली

नाही. ड्रमच्या कडेला नमद्याचं सील असतं, ते झिजलंय. साधारण रचना अशी: गरम हवा मागच्या जाळीतून आत येते, कपड्यांमधून पुढे जाते आणि दाराखालच्या फिल्टरमधून पंखा ती ओढून घेतो. सील झिजलं की पंख्याला कपड्यांमधून हवा ओढण्यापेक्षा फटीतून ओढणं सोपं जातं. पंखा पूर्ण वेगाने फिरतोय, नळीतून हवाही जोरात येतेय, पण त्यातली बरीचशी ड्रममध्ये गेलेलीच नाही. म्हणून नुसता नळीपाशी हात धरून 'हवा व्यवस्थित आहे' असं ठरवू नये. सील बदलता येतं, मात्र पट्टा काढून ड्रम बाहेर घ्यावा लागतो.

काही यंत्रांत हवेचं आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं तोंड, दोन्ही मागच्याच भिंतीवर असतात. तिथे दाराकडच्या कपड्यांना हवा कमी मिळते. ड्रम कपडे नीट खेळवत असेल तर चालून जातं, दाबून भरला तर नाही.

धुणंपुराण

सगळे ड्रायरमागे लागलेत. अहो, ड्रायरमध्ये जाताना कपड्यात पाणी किती आहे ते तरी बघा.

५ किलो सुती कपडे धरा. ८०० आरपीएमला पिळले तर कोरड्या वजनाच्या साधारण ७० टक्के पाणी उरतं, म्हणजे ३.५ किलो. १४०० ला पिळले तर ५० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २.५ किलो. ते मधलं १ किलो पाणी साध्या हीटरच्या ड्रायरने काढायला जवळपास १ युनिट जातं. वॉशिंग मशीनला तेच पाणी फिरकीने फेकायला त्याचा अगदी किरकोळ भाग लागतो. पाण्याची वाफ न करता जेवढं काढता येईल तेवढं आधी काढून घ्यावं.

आणि ड्रायरमध्ये टाकण्यापूर्वी चादर झटका. वॉशिंग मशीनमधून तिची दोरीच निघते. तीच दोरी तशीच ड्रायरमध्ये कोंबली तर कितीही उलटसुलट फिरवा, काय उपयोग?

शंकासुर

नळीवाली म्हणतात एक किलो पाण्याला किमान ०.६७ युनिट. धुणंपुराण म्हणतात प्रत्यक्षात १. हे समजलं. पण हीट पंपवाले ड्रायर किलोमागे ०.४ किंवा त्याहूनही कमी सांगतात. निसर्गनियमापेक्षा कमी? जाहिरात आहे की जादू?

नळीवाली

दोन्ही नाही. ०.६७ युनिट उष्णता प्रत्येक किलोला लागतेच, फक्त ती दर वेळी नव्याने विकत घ्यावी लागत नाही.

नळीच्या ड्रायरमध्ये वाफ बाहेर जाते आणि तिच्यात कोंडलेली सगळी उष्णता तिच्यासोबत जाते. साध्या कंडेन्सर ड्रायरमध्ये वाफेचं पाणी यंत्रातच होतं, पण उष्णता खोलीत सांडते. हीट पंपात एक थंड कॉइल आणि एक गरम कॉइल असते. ड्रममधून आलेली दमट हवा थंड कॉइलवरून जाते, वाफेचं पाणी होतं आणि वाफेतली उष्णता कॉइलमधला वायू शोषतो. कॉम्प्रेसर तो वायू दाबून आणखी गरम करतो आणि गरम कॉइलमध्ये पाठवतो. तीच कोरडी झालेली हवा तिथे तापून परत ड्रममध्ये. तीच उष्णता पुन्हा पुन्हा कामाला लागते, वीज जाते ती कॉम्प्रेसर, पंखा आणि ड्रम फिरवायला.

आणि फिरकी, तुमच्या वॉटवादाला खरं उत्तर इथे आहे. या यंत्रांत मोठा हीटर नसतो, हवा ५०-५५ अंशांच्या फारशी वर जात नाही आणि तरीही कपडे एकसारखे वाळतात. तापमान कमी असल्यामुळे घनमीटरमागे पाणी कमी उचललं जातं. त्याची भरपाई भरपूर हवा सतत फिरवून आणि जास्त वेळ देऊन करावी लागते. घाई असणाऱ्याने घेऊ नये, पण कापडाच्या दृष्टीने हे बरं. युरोपीय संघात १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या नियमांत विजेची मर्यादा इतकी खाली आणली आहे की नवे घरगुती हीटरवाले ड्रायर तिथे बाजारात आणणं जवळपास बंद झालं.

फिरकी

वॉटवाद! बरं. पण घाई असेल तेव्हा हीटरच कामाला येतो, एवढं तरी माझ्या पदरात टाका.

नळीवाली

टाकलं. हवेची वाट मोकळी असेल तर.

कोपऱ्यातला_पंखा

हीट पंपाच्या कौतुकात एक गोष्ट राहून गेली. तो भुसा थंड कॉइलवर बसतो आणि कॉइल सतत ओली, त्यामुळे त्याचा लगदा होऊन पत्र्यांच्या बारीक फटींत घट्ट बसतो. माझ्या यंत्रात कॉइल 'आपोआप' धुतली जाते, म्हणजे साचलेलंच पाणी तिच्यावर फवारलं जातं. ऐकायला छान. त्याच पाण्यात भुसा असतो, आणि कॉइलपर्यंत हात जाईल असं झाकणच ठेवलेलं नाही. वेळ वाढत वाढत गेली, शेवटी मेकॅनिकने अर्धं यंत्र सोडवलं तेव्हा फटींमध्ये नमद्यासारखी पट्टी निघाली. आता नवीन घेताना पुढून उघडणारं झाकण आणि हाताने साफ करता येणारी कॉइल आहे का, ते मी आधी बघेन. बाकीची वैशिष्ट्यं नंतर.

एक सावधानी: हल्लीच्या पुष्कळ हीट पंपांत प्रोपेन असतो. कॉइलच्या नळ्यांशी स्क्रू-ड्रायव्हरने खेळू नका. आणि कुठलंही झाकण काढण्याआधी प्लग काढा.

धुणंपुराण

फिल्टरबद्दल एक. भुसा झाडून जाळी स्वच्छ दिसते, तरी ती तुंबलेली असू शकते. सॉफ्टनर आणि ड्रायरमध्ये टाकायच्या सुगंधी कागदांचा न दिसणारा मेणचट थर जाळीवर बसतो. जाळी नळाखाली धरा. पाणी सरळ आरपार गेलं तर ठीक, जाळीवर थेंबांचं तळं साचलं तर थर आहे. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश. पूर्ण वाळवून मगच परत बसवा.

चरखा

तोच मेणचट थर सेन्सरवरही बसतो. दाराखाली आतल्या बाजूला किंवा लिफ्टरवर दोन धातूच्या पट्ट्या दिसतील. ओला कपडा दोन्हींना एकदम टेकला की त्यातून किंचित वीज वाहते, वाळत जाईल तशी कमी होत जाते. त्यावरून यंत्र ओल ओळखतं. पट्टीवर थर बसला तर ओला कपडाही कोरडा वाटतो आणि यंत्र लवकर थांबतं. कापडाला थोडं व्हिनेगर लावून पुसून घ्या.

पण सेन्सरची मूळ अडचण अशी की त्याला फक्त टेकलेला कपडा कळतो. चादरीचं बोचकं झालं असेल तर त्याला बाहेरचा वाळलेला पदरच लागणार. दोन-तीनच कपडे टाकले तर ते पट्ट्यांना क्वचित टेकतात आणि यंत्राला वाटतं सगळं वाळलं. एकटा शर्ट वाळवायचा असेल तर सोबत एक-दोन ओलसर टॉवेल टाका, वर चढणंही सुधारतं.

काही यंत्रांत पट्ट्या नसतातच, फक्त बाहेर जाणाऱ्या हवेचं तापमान मोजतात. कपडा भरपूर ओला असेपर्यंत हवा कितीही गरम असली तरी बाष्पीभवनामुळे कापड थंडच राहतं. पृष्ठभागावरचं पाणी संपलं की तापमान चढायला लागतं, त्यावरून अंदाज. ठोकळ पद्धत आहे. निम्मे कपडे वाळले तरी हवा तापते.

अर्धओलीच्या टी-शर्टचं उत्तरही यातच आहे. पॉलिएस्टर स्वतःत अर्धा टक्काही ओल धरत नाही, लवकर वाळतं आणि मग नुसतं तापत राहतं. सुती कापड साध्या हवेतही ७-८ टक्के ओल धरून असतं. त्याच्याखाली वाळवलं की ते खरखरीत होतं आणि कपाटात ठेवल्यावर हवेतून तेवढी ओल परत घेतंच. म्हणजे शेवटची ती वीज फुकट. जाड सुती आणि पातळ सिंथेटिक वेगवेगळे वाळवा.

अर्धओली

मोजमाप आलं. बहिणीच्या यंत्राच्या पुस्तिकेत ड्रम ११८ लिटर, माझ्या पुस्तिकेत १००. वर लिहिलेले किलो सारखेच! हे चालतं कसं?

चरखा

किलो म्हणजे ठरावीक प्रोग्रॅमवर वाळतील असं निर्माता सांगतो तेवढे. लिटर म्हणजे कपड्यांना पडायला मिळणारी जागा. मी तरी दोन यंत्रं निवडताना किलोंपेक्षा लिटर बघेन. तुमच्या ड्रममध्ये ५ किलोच्या वर जाऊ नका, चादरींना तर त्याहून कमी. कपडे टाकल्यावर वरचा तिसरा हिस्सा तरी रिकामा दिसायला हवा.

शंकासुर

मग धुणारं आणि वाळवणारं एकच यंत्र घेतलं तर? जागा वाचते.

धुणंपुराण

जागा वाचते, बाकी तडजोडच आहे. धुण्याच्या ड्रमला पाणी आणि कपडे एकत्र घुसळायचे असतात, म्हणून तो लहान, बहुतेकदा ६०-७० लिटरच्या आसपास. भोकं बारीक, कारण वेगाने पिळताना कापड त्यात घुसायला नको. वाळवायला नेमकं उलटं हवं: मोठी पोकळी, हवेला मोठी तोंडं. म्हणून अशा यंत्रावर धुण्याचे किलो एक आणि वाळवायचे किलो त्याच्या अर्ध्या-पाऊणपट लिहिलेले असतात. तो दुसरा आकडा वाचा. शिवाय जुन्या पद्धतीच्या कित्येक यंत्रांत वाफ थंड करायला वाळवतानाही नळाचं थंड पाणी वाहत असतं. एकट्या माणसाला, थोड्या कपड्यांना ठीक. घरात चार माणसं असतील तर अर्धे कपडे काढून दोनदा वाळवणं आलंच.

फिरकी

हवेतच खूप दमटपणा असेल तर? बाहेरून ओली हवा ओढून काय डोंबल वाळणार?

नळीवाली

नळीच्या ड्रायरला वाटतो तितका फरक पडत नाही. ३० अंशांची ८० टक्के दमट हवा म्हणजे घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम पाणी. तीच हवा ६५ अंशांना तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या घरात येते. अजून भरपूर मावतं. साध्या कंडेन्सर ड्रायरला मात्र खोली गार लागते, कारण तो वाफेचं पाणी खोलीतल्या हवेने करतो. छोट्या बंद खोलीत तो स्वतःच खोली तापवतो आणि मग स्वतःच रखडतो.

शंकासुर

शेवटचा प्रश्न. हीट पंप गॅलरीत ठेवला तर चालेल? हिवाळ्यात तिथे ५-६ अंश असतात.

नळीवाली

पुस्तिकेत किमान तापमान दिलेलं असतं ते बघा. थंडीत कॉम्प्रेसरला पूर्ण चक्र गरम करायलाच बराच वेळ जातो, कारण मदतीला हीटर नाही. वाळेल, पण वेळ खूप लागेल. पाणी गोठण्याइतकी थंडी पडत असेल तर पंप आणि टाकीलाही धोका. घरात जागा असेल तर घरातच ठेवा, पुढचे आणि मागचे हवेचे झरोके भिंतीने झाकू नका. आणि हलवताना आडवा करावा लागला, तर उभा केल्यावर लगेच चालू करू नका. कॉम्प्रेसरमधलं तेल परत खाली बसायला पुस्तिकेत सांगितलेले तास द्या.